सात नंबरचा पंखा

“सर, सात नंबरच्या पंख्यावरून वॉर्डात भांडण लागलंय.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार. सिस्टर दारात उभ्या. मी मेंदूचा सर्जन, हातात सात नंबरच्याच पेशंटचा एमआरआय.

“सिस्टर, मी वायरमन आहे का?”

“नाही सर. पण एकदा येऊन तर बघा.”

मी गेलो नाही.

सात नंबरच्या खाटेवर केम गावची सुवर्णा होती. वय चोवीस. बाजूने येणारी मोटारसायकल तिला दिसेनाशी झाली होती, पाळी थांबली होती. एमआरआयमध्ये पिट्युटरी फुगलेली. पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाची वाटाण्याएवढी ग्रंथी. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथींना कामाला लावणारी. डोळ्यांच्या नसा तिच्या अगदी वरून जातात. ती फुगली की नसा दाबल्या जातात आणि कडेची नजर जाते.

फुगण्याची कारणं वेगळी, तसे उपचारही वेगळे. काही गाठी नुसत्या गोळ्यांनी आकसतात. कधी गाठ नसतेच, सूज असते. ती स्टिरॉइडने उतरू शकते. काहींना नाकातून दुर्बीण घालून काढावं लागतं. म्हणून आधी रक्तातले हार्मोन बघायचे. सुवर्णाचे बाकीचे रिपोर्ट आले होते, थायरॉइडचा तेवढा यायचा होता. मी थांबलो नाही. फोटोत मला गाठ स्वच्छ दिसत होती. मी तिला दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनच्या लिस्टवर घेतलं.

तिच्या नवऱ्याला, तानाजीला, सांगितलं, “ग्रंथीला धक्का लागला तर पुढे मूल होणं अवघड जाईल.”

तो म्हणाला, “डोळं तेवढं ऱ्हाऊ द्या सायेब. बाकीचं बघू की.”

अर्ध्या तासाने सिस्टर परत आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत, सरळ समोर बसल्या.

“सर, एप्रिल महिना आहे. अख्खा वॉर्ड भाजून निघतोय आणि ती पोरगी शाल पांघरून बसलीय. म्हणते, पंखा बंद करा, लई गार लागतंय. आठ नंबरच्या आजी म्हणतात, ‘मग आमी काय भट्टीत बसायचं व्हय गं?’ मी तिचा हात धरून बघितला. थंडगार, कोरडा. आवाज घोगरा. माझ्या बहिणीचं थायरॉइड असंच होतं.”

“रिपोर्ट यायचाय अजून.”

“आलाय. लॅबला फोन करून मीच मागवला.”

त्यांनी कागद पुढे सरकवला. थायरॉइड जवळजवळ बंद पडलं होतं. त्याला जागं करण्यासाठी पिट्युटरी रात्रंदिवस राबत होती आणि राबून राबून स्वतःच फुगली होती. दिसायला हुबेहूब गाठ. उपचार मात्र रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक गोळी.

मी लिस्टवरचं नाव खोडलं. सुवर्णाची नजर हळूहळू सुधारत गेली. काही महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये ग्रंथी पुन्हा वाटाण्याएवढी. पुढच्या उन्हाळ्यात ती ओपीडीत आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, “सिस्टर, पंखा वाढवा की जरा, लई उकडतंय.” सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या.

आता जे लिहायचं टाळत आलो ते. ही केस मी डॉक्टरांच्या सभेत मांडली. म्हणालो, “पेशंटला एप्रिलमध्ये थंडी वाजत होती, तिथेच मला शंका आली.” त्या दुपारी मी तर वॉर्डात पाऊलही टाकलं नव्हतं. शेवटच्या रांगेत सिस्टर बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत मी विद्यार्थ्यांना हेच सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात त्यांना फोन करून कबूल केलं.

“मग? मला काय माहीत नव्हतं का सर? तिथंच तर होते की मी.”

“बोलला का नाहीत कधी?”

“त्यानंतर तुम्ही सगळे रिपोर्ट बघितल्याशिवाय एकही लिस्ट लावली नाही. मला तेवढं पुरे होतं.” मग म्हणाल्या, “पण आता लिहिताय तर नीट लिहा. ‘एक सिस्टर’ असं नको. नाव घाला.”

शालन गायकवाड. स्टाफ नर्स, फीमेल वॉर्ड. ते निदान त्यांचं.

आणि तरुण सर्जनांना एवढंच सांगतो: वॉर्डातून पंख्याची तक्रार आली, तर वायरमनच्या आधी आपण जावं.