खैरूनबीचा शक

खैरूनबी कोणतीही गोष्ट दोनदा विचारायची. आज विचारलं की मध्ये एक दिवस जाऊ द्यायची, आणि मग तेच पुन्हा, जणू आत्ताच सुचलं असं तोंड करून विचारायची. दोन्ही उत्तरं जुळली तर ठीक. नाही जुळली तर डोळे बारीक करून म्हणायची, "परवाच्या दिशी तं येगळं सांगतलं व्हतं तुनं." भाजी कोणत्या बाजारातून आणली, सून माहेरी कधी जाणार, आमच्या ह्यांचा दमा कसा आहे, सगळं दोनदा. मी तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. माझं अर्धं आयुष्य तिला जबान्या देण्यातच गेलं म्हणा ना.

दिवाळीचा फराळ घेऊन गेले की ताटाला हात लावायच्या आधी ती म्हणायची, "एक करंजी तू खाय पह्यले." मी तिच्या दारात उभी राहून माझीच करंजी खायची. एका ईदला मीही सूड उगवला. शीरखुर्म्याची वाटी तिनं पुढं केली तशी म्हटलं, "पह्यले तू पी." तिनं वाटी तोंडाला लावली ती अर्धी संपवूनच खाली ठेवली. "आता झाला भरोसा?"

आमचं गाव मोताळा तालुक्यातलं, रोहिणखेडच्या वाटेवरचं. खैरूनबीच्या घरी गाद्या भरायचा धंदा. नांदुऱ्याहून रुई यायची, ती पिंजायची, स्लॅबवर पसरून ऊन दाखवायचं आणि खोळीत भरायची. नवरा गेल्यावरही तिनं धंदा सोडला नाही. पण गावाच्या आमच्या बाजूला गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान सुरू झाली, तिथं दगड फोडायचा क्रशर बसला, धूळ उडायला लागली आणि तिच्या रुईचा रंगच बदलला. सकाळी पांढरीफेक पसरलेली रुई संध्याकाळी उंदराच्या पाठीसारखी व्हायची. लग्नाच्या गाद्या घेणारे बोटांनी रुई चिवडून बघायचे आणि निघून जायचे. माझ्या घरी वेगळीच कथा. आमच्या ह्यांचा दम्याचा पंप आधी कपाटात असायचा, तो उशीखाली आला.

"खडक तं गावाच्या त्या अंगालेबी हाये," खैरूनबी म्हणायची. "मंग खदान आपल्याच अंगाले काऊन? याच्यात कोनाचं भलं हाये, ते पह्यले सांग." कोणतीही गोष्ट असो, सरकारी योजना असो की पोलिओचा डोस, तिचा पहिला सवाल हाच. यावेळी उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अंगाला मोठ्या शेतकऱ्यांचे मळे होते, या अंगाला आम्ही. पण बोलायचं कोणी? तिचा मुलगा सलीम त्याच खदानीवर टिप्पर चालवायचा.

मग बातमी आली की खदान वाढवायची आहे, आणखी एक क्रशर बसणार आहे. त्यासाठी गावात जनसुनावणी होणार आणि त्याआधी गावची हवा मोजणार. हवा मोजायचं मशीन घेऊन एक टक्कल पडलेले गृहस्थ फटफटीवर आले. आम्ही त्यांना मशीनवाले भाऊच म्हणायचो. त्यांना धुळीच्या वाऱ्यावरचं, पक्क्या स्लॅबचं, लाइट असलेलं घर पाहिजे होतं. ते नेमकं खैरूनबीचं निघालं.

मला वाटलं, ही त्यांना जिन्यावरूनच परत पाठवणार. पण ती हो म्हणाली. मी विचारलं, "काऊन वो, तू कशी काय तयार झाली?"

"दुसऱ्याच्या घरी ठेवलं असतं तं मले काय दिसलं असतं?" ती म्हणाली. "चोर कोन हाये ते समजत नसलं, तं त्याले डोयासमोर बसवा लागते."

मशीन म्हणजे पाय लावलेली लोखंडी पेटी, वर टोपी. चालू झालं की पिठाच्या गिरणीसारखं घूं घूं करायचं. तो हिवाळाभर मशीनवाले भाऊ आठवड्यातून दोन दिवस यायचे, मशीन सुरू करून जायचे आणि दुसऱ्या दिवशी येऊन आतला कागद बदलायचे.

आता पुढचं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तुमचा घोळ व्हायला नको म्हणून इथंच सांगून टाकते. मशीनच्या टोपीखाली एक फट होती. खैरूनबीला शक आला की त्या फटीत कॅमेरा आहे. खदानीच्या विरोधात कोण बोलतं ते हे मशीन टिपतं आणि वरच्या लोकांना दाखवतं. शिवाय घरात तरुण सून, अंगणात तिची न्हाणी. मग मशीनवाले भाऊ जिना उतरून गेले की ही वर जायची आणि गादीची जाड खोळ दुहेरी करून मशीनला नखशिखांत पांघरवायची. फटफट ऐकू आली की काढून घ्यायची. मला वर खोळ दिसायची, पण तिच्या स्लॅबवर खोळी तर रोजच वाळत असत.

गाव मात्र वेगळाच विचार करत होतं. किराणा दुकानवाला प्रल्हाद गिऱ्हाइकाला साखर मोजून देता देता सांगायचा, "पोरगं त्याहीच्या टिप्परवर, मशीन हिच्या छतावर. समजून जा ना बे आता." खैरूनबी दुकानात गेली की बोलणं थांबायचं. तिला ते कळायचं. लोकांवर शक घेणारी बाई ती, लोकांचा शक ओळखायला तिला वेळ लागतो का? ती आपली तेल घेऊन, बाटलीचं बूच दोनदा तपासून घरी यायची.

सुनावणीच्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप पडला. खुर्च्या, थंड पाण्याच्या बाटल्या, पोलीस, व्हिडिओवाला. पुढच्या रांगांत आम्ही कधी न पाहिलेली माणसं बसली होती, टिप्परमधून आणलेली. खैरूनबी माझ्या शेजारी. पाण्याची बाटली तिनं उघडलीसुद्धा नाही. "ह्या लोकाईले कोन्या गावाहून आनलं?" तिनं मला विचारलं, आणि थोड्या वेळानं, सवयीनं, पुन्हा विचारलं.

जिल्ह्याचे मोठे साहेब आणि प्रदूषण मंडळाचे साहेब वर बसले. खदानीच्या बाजूनं अहवाल बनवणारे एक गृहस्थ माइकवर आले. सदर गावातील हवा निर्धारित मर्यादेत असल्याचं आढळून आलं, असं त्यांनी वाचलं. माझ्या डोळ्यांसमोर उशीखालचा पंप आला. मागून प्रल्हाद ओरडला, "कोनाच्या छतावरची हवा मोजली, तेबी सांगा ना साहेब!" लोक हसले. हसणाऱ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या.

अहवालवाल्यांनी मग समजावून सांगितलं. हे यंत्र हवा आत ओढतं, त्यातली धूळ आतल्या कागदावर बसते, त्या कागदाचं वजन करतात.

खैरूनबीनं माझा हात धरला. एवढा घट्ट की बांगडी रुतली. "म्हंजे धूळ आत जाले पाह्यजे व्हती?" ती पुटपुटली. "वो सुमनबाई, थे तं सारी माह्या खोळीवर बसली. दर बखत काळी व्हये खोळ. मी धुवून टाकत जाय." आणि मग खालच्या आवाजात तिनं मला सगळं सांगितलं.

तिची ती एक खोळ दुसरा क्रशर गावात आणणार होती. आणि तिनं उठून खरं सांगितलं तर? गाव म्हणणार, बघा, आम्ही म्हणत होतोच, हिनं पैसे घेऊन मशीन झाकलं. तिकडं मंडपाच्या कडेला टिप्परवाल्या ड्रायव्हरांत सलीम उभा होता. तो आईकडंच बघत होता. मी म्हटलं, "बसून राह्य. घरी जाऊन इचार करू."

"घरी गेल्यावर हे लोक थांबतीन काय?" असं म्हणून ती उठली.

माइकवाल्यानं विचारलं, "अम्मा, नाव सांगा."

"नाव काऊन पाह्यजे?"

"नोंद करायची आहे."

"मंग पह्यले साहेबाचं सांगा. मलेबी नोंद कराची हाये."

मंडप हसला, साहेबही हसले आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं. मग तिनं पदर सावरला आणि माइक दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, तुमचा कागद खोटा हाये. आन थो म्या खोटा केला. मशीन माह्या स्लॅबावर व्हतं. म्या त्याच्यावर गादीची खोळ टाकत व्हती. दुहेरी."

"का टाकत होता?"

"मले वाटलं त्याच्यात क्यामेरा हाये."

यावर जो हशा उठला! पोलीस हसले, व्हिडिओवाल्याचा कॅमेरा हलला, पुढच्या रांगेतली परगावची माणसं तर मांड्या थोपटायला लागली. खैरूनबी तशीच उभी. हसणं ओसरलं तशी म्हणाली, "हसून झालं काय? आता लिवून घ्या. हवा खोळीतून गाळून मोजली. हे मोजनं रद्द करा."

अहवालवाले घाईघाईनं म्हणाले, "आमचा माणूस नियमित पाहणी करत होता."

"तुमचा मानूस फटफटीवर येत जाय. फटफट आईकली का मी खोळ काढून घेत जाय. एका दिशीबी त्याले शक नाई आला. असा कसा मानूस ठेवता तुमी?"

प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी मोठ्या साहेबांच्या कानाशी काही सांगितलं. बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी माइकवरून सांगण्यात आलं की हवा पुन्हा मोजली जाईल, यावेळी शाळेच्या छतावर, ग्रामस्थांच्या समक्ष. तोवर सुनावणी स्थगित. मंडपात एक टाळी वाजली नाही. जो तो शेजाऱ्याचं तोंड बघत होता.

बाहेर पडताना प्रल्हादनं तिला गाठलंच. "किती देल्ले खोळ टाकाचे?"

मला वाटलं, आता ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. पण ती शांतपणे म्हणाली, "तू शक करते ते बरोबर करते प्रल्हाद. पन दुकानात बसून नोको करू. मशीनपाशी बसून कर." आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी खदानवाल्यांनी सलीमच्या हातून टिप्परची किल्ली काढून घेतली. कारण विचारलं तर काम कमी झालं म्हणे. त्याच आठवड्यात तिच्या बोलण्याची चित्रफीत गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरली. तीत "क्यामेरा हाये" एवढंच होतं आणि मागून हशा. पुढचं बोलणं कोणी कापलं, ते आजवर कळलं नाही. सलीमला नांदुऱ्याला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडं गाडीवर काम मिळालं, तसं त्यांनी घर बंद केलं. टेम्पोत सामान चढलं तेव्हा गल्लीत मी, माझी सून आणि दोन कुत्री. कोणी आलं नाही. खैरूनबी टेम्पोत बसली, टेम्पोच्या दाराची कडी ओढून बघितली आणि ड्रायव्हरला विचारलं, "गाडीचे ब्रेक बरोबर हाये ना?"

गेल्या महिन्यात नांदुऱ्याला गेले तेव्हा तिच्या खोलीवर जाऊन आले. रेल्वे गेली की भांडी हलतात तिथं. मी गावची हकीगत सांगितली. मशीन शाळेवर बसलं आहे. मशीन चालू असलं की गावातलं एक एक माणूस पाळीनं तिथं बसतं. सुनावणीची नवी तारीख काही कोणी सांगत नाही.

"कोन कोन बसते?"

मी नावं सांगितली. सोमवारी प्रल्हाद, म्हटलं.

"एकटाच?"

"हाव, एकटाच."

"त्याचा साडू खदानीवरून इकाले गिट्टी उचलते ना?"

"उचलते."

"मंग त्याच्यापाशी कोन बसते?"

परतीच्या बसमध्ये मोताळा येईस्तोवर मी तोच विचार करत होते.

सोमवारी मी वाती वळायचा कापूस घेतला आणि शाळेचा जिना चढले. गुडघे दुखतात, पण चढले. प्रल्हाद मशीनशेजारी खुर्ची टाकून मोबाइल बघत बसला होता. मला पाहून चपापला. "काकू, तुमी काऊन आल्या इतल्या उन्हात?"

"थंडी वाजून राह्यली बाबा. ऊन खाले आली," म्हटलं, आणि मशीनची टोपी आणि प्रल्हादचे हात, दोन्ही नीट दिसतील अशा बेतानं मी चटई टाकून बसले.