डावं पान

सोमवारी सुट्टीची घंटा झाली तेव्हा ताई वर्गातल्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही.

आम्ही दोघी बहिणी नारपोलीच्या एकाच शाळेत शिकवायचो. मुलांच्या तोंडी ती मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. तेरावं झाल्यावर तिचा पाचवीचा वर्ग माझ्याकडे आला. तिच्या वर्गात रडू यायच्या आत तास संपावा, एवढीच माझी धडपड असे. डोळे भरले की मी फळ्याकडे वळे आणि लिहिता लिहिता बोलत राही. शेवटी विचारी, "समजलं?" वर्ग एका सुरात म्हणे, "होऽ बाई." मला तेवढं पुरत होतं.

मग चाचणी झाली आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीची आई आली.

"बाई, हिला येत काय न्हाय. सहामाहीपर्यंत बघते, न्हायतर घरी बसवते. धाकट्याला तरी सांभाळंल." दारातून ती मागे वळली. "मोठ्या बाईंच्या टायमाला हुशार होती. आता काय झालं कोन जाणे."

त्या दिवसापासून मला घास गोड लागेना. शेवटी ताईची टाचणवही काढली. उजव्या पानावर धड्याचं टाचण आम्ही सगळेच काढतो, साहेबांना दाखवायला. ताई तास संपला की डाव्या पानावर पेन्सिलीने एखाददुसरी ओळ लिहायची. मी तिला चिडवायचे, "साहेब डावं पान बघत नाहीत गं."

"म्हणून तर तिथे खरं लिहिता येतं."

एका डाव्या पानावर होतं : 'आज फळ्याकडे तोंड करून बोलले. मागच्या बाकांपर्यंत काही पोचलं नाही. या मुलांच्या घराच्या भिंतीपलीकडे दिवसभर कापडाचे लूम खडखडत असतात. बोलणाऱ्याचं तोंड बघून समजून घ्यायची यांना सवय आहे.'

मी वही मिटली. दोन महिने त्या मुलीने माझी पाठ पाहिली होती. आणि मी तिच्या नावापुढे 'लक्ष नसते' असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आधी गप्प राहून फळा लिहिला, मग वर्गाकडे वळून बोलायला लागले. व्हायचं तेच झालं. पहिल्या बाकावरून कुजबुज आली, "बाई रडतायत." मी सवयीने वळणार, तोच मागून तीच मुलगी म्हणाली, "रडा बाई, पण इकडं बघून."

वर्ग हसला. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

आता 'समजलं?' असं मी विचारत नाही. कुणालातरी उभं करून सांगायला लावते. काल ती उभी राहिली, तिने अर्धं उत्तर बरोबर सांगितलं. बाकीच्या अर्ध्याने मला झोप लागू दिली नाही.

सहामाहीला आठ दिवस आहेत. ती अजून वर्गात येते. ताईची वही माझ्या पिशवीत आहे. तिच्या उरलेल्या डाव्या पानांवर आता मी लिहिते.