दादांच्या गाडीवरची हळद

माझी बायको सुधा मार्चमध्ये गेली. त्यानंतर मला तिचा दवाखान्यातला चेहराच आठवायचा. काल दिलसुखनगरला गाडीच्या सामानाच्या दुकानात कुणीतरी पॉलिशचा डबा उघडला, आणि त्या रॉकेलसारख्या वासानं मला एका जुन्या दुपारी नेऊन सोडलं.

सुधाचे दादा आपली नवी काळी गाडी आमच्याकडे ठेवून गावाला गेले होते. दसऱ्याला तिनं त्या गाडीचीही पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी बॉनेटवरची वाळलेली हळद भांड्यांच्या घासणीनं घासून काढली. हळद गेली, पण काळ्या रंगावर ओरखड्यांचं जाळं उमटलं. दादा संध्याकाळी परतणार होते.

आम्ही तशीच गाडी काढून दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "भाभी, कंपाउंड लेलो, झट से साफ होता." मी लगेच मान डोलावली.

"अहो, आधी नख फिरवून बघा की!" सुधा म्हणाली. नख कुठेच अडकलं नाही. "वरवरचं आहे. कंपाउंड खरखरीत असतं, त्यानं रंगच झिजेल." मग ती दुकानदाराकडे वळली. "कंपाउंड नक्को भाई, बारीक पॉलिशइच देओ."

घरी आम्ही मऊ फडक्यानं आळीपाळीनं पॉलिश फिरवत राहिलो. हळूहळू ओरखडे विरले.

"सुधे, गाडी चमकतेय गं! काय केलंस?" दादांनी आल्या आल्या विचारलं.

"धुतली," एवढंच म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली आणि तोंडात पदर कोंबून हसत सुटली.

तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. काल दुकानात उभ्या उभ्या पुन्हा तसंच वाटलं. सुधा नाही, पण आता दवाखान्यातल्याऐवजी तिचा हसरा चेहरा मला आठवतो.