बाल्कनीतला कप

"लसूण आत आणू नकोस. बाल्कनीत बसून वाट. तुमच्यात काय, चातुर्मासातही चालतं."

एवढं बोलून काकूंनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. दिल्लीतल्या आर. के. पुरमचा सरकारी फ्लॅट. काका अधिकारी. मी मुनिरकात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, त्यांच्या लेकीला मराठी शिकवायला जाणारी. पहिल्याच दिवशी माझं आडनाव ऐकून काकू नुसतं "अच्छा" म्हणाल्या होत्या.

त्या संध्याकाळी पाहुणे होते. काकूंच्या ओट्यावर चार महिने कांदा-लसूण बंद, पण चिप्सबरोबर लसणाचं डिप हवंच, आणि ते करायला शिकवणी थांबवून मला बसवलेलं. खाणार सगळे, काकूसुद्धा. यांच्या देवाला ओटा तेवढा दिसतो, हॉल दिसत नाही. व्वा रे सोवळं!

मी मुकाट बसले. पाकळ्या सोलल्या, मीठ घालून खलबत्त्यात पार लगदा होईस्तोवर कुटल्या. टांगलेल्या दह्याचा चक्का, लिंबू, तेलाची धार. बाल्कनीतल्या ज्या फळीवरून खलबत्ता काढला, तिथेच एक कप होता. निळा, कान तुटलेला. दोन महिने मला चहा मिळत होता तो यातच.

आपला कप ठरलाय म्हणजे आपण घरच्या झालो, असं मला वाटायचं. आईला फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं. काय पण माझी अक्कल!

लेकीला विचारलं, हा इथे कसा? ती सहज म्हणाली, "दीदी, तुझा कप इथेच असतो. आतल्या भांड्यांत मिक्स नाही करायचा, मम्मी म्हणते."

कानशिलं तापली. रडू आलं नाही. किळस आली, त्या माणसांची.

काकूंनी डिपसाठी काचेचा बाउल दिला होता. तो तिथेच ठेवला. डिप त्या निळ्या कपात भरलं आणि हॉलमध्ये टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवलं. पाहुणे तुटून पडले. भाभीजींच्या हाताची तारीफ सुरू झाली. काकूंचा चेहरा पांढराफटक, चिप्स हातातच.

सगळ्यांना कळावं म्हणून मी हिंदीत बोलले. "बनाया मैंने है. कप भी मेरा है. इस घर में मेरा कप बाहर रखा जाता है." मग काकूंकडे वळले. "घ्या ना काकू. तुमच्यात चालतं ना?"

मी चपला घातल्या.

त्या घरी परत गेले नाही. आता कुठेही चहा आला की आधी बघते, कप कुठून काढला. वेगळा निघाला तर तिथेच, चारचौघांत, का म्हणून विचारते. अधिकारी झाले तरी विचारीन. नाही झाले तरी विचारीन.