टीव्ही गेमच्या आक्का

डाग दिला की आक्का पट्टी डोळ्यांजवळ न्यायच्या, हलकेच फुंकर मारायच्या आणि म्हणायच्या, "चमकला पायजे. मळकट दिसला की समज, आत कच्चा हाय." पट्टी म्हणजे खेळाचं सर्किट आणि डाग म्हणजे त्यावरचा सोल्डरिंगचा टाका. एक कच्चा राहिला तरी अख्खा खेळ बंद.

खेळ म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. ऐंशीच्या दशकात बेळगावात टीव्ही येऊ लागले, तेव्हा खासबागेत बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये आम्ही हे डबे बनवायचो. फिरवायची दोन बटणं, पडद्यावर दोन पांढऱ्या फळ्या आणि मधे चेंडू. आक्का डाग द्यायच्या, मी डबा टीव्हीला लावून तपासायची. नवरा वारल्यावर त्या निपाणीहून बहिणीकडे आलेल्या. तिकडं विड्या वळायच्या. "तंबाखूच्या धुरळ्यापरास ह्यो धूर बरा," म्हणायच्या.

वर्षभर त्यांनी खेळ पाहिलाच नव्हता, कामाला बसायच्या ते तोंड भिंतीकडं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला. आक्का चेंडूवरच डाफरायला लागल्या, "हिकडं यं रं. कुटं निघालास?" आणि मला सरळ हरवलं. मग रोज सुट्टीत आमचा एक डाव ठरलेला.

पुढं मालकांनी मुंबईहून परदेशी मशीन आणलं. कॅसेट बदलली की खेळ बदलायचा. कधी विमानं, कधी रणगाडे. आमच्या डब्यात एकच खेळ, तोही कायमचा. मालकांनी मशीन उघडून दाखवलं. आक्का बराच वेळ वाकून बघत होत्या. "ह्यात हाताचा डाग दिसंना," एवढंच म्हणाल्या. मग मी विमान उडवू लागले, तर विचारलं, "दुसऱ्यानं काय धरायचं?"

"यात एकट्यानंच खेळायचं, आक्का. समोर मशीन."

त्या जागेवर गेल्या आणि पुढची पट्टी उचलली.

बाजारात तसली मशीनं आली आणि दुकानदारांनी आमचे डबे परत धाडले. त्यातले भाग काढून विकायचं ठरलं. काढणार कोण? ज्यांचा हात सगळ्यांत साफ, त्या आक्काच. स्वतः दिलेला एकेक डाग वितळवून त्या चिमट्यानं भाग ओढून काढायच्या. तुम्ही कुणाला स्वतःचंच काम असं उसवताना पाहिलंय का?

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नगं गं. दुसरी घाई करंल, पट्टी जाळंल."

पट्ट्या तशाही भंगारातच जाणार होत्या.

मग आम्हीही कॅसेटची मशीनं जोडू लागलो, पण त्यांच्या पट्ट्या बाहेरून तयारच यायच्या. इथं फक्त झाकणाचे स्क्रू. आक्कांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नाही. त्या आपणच यायच्या थांबल्या आणि निपाणीला गेल्या. मला ठेवलं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे आजही सांगायला जड जातं.

दोनेक वर्षांनी एका लग्नाला निपाणीला गेले, तेव्हा घर विचारत पोचले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "आक्का गेल्या की. छातीनं. पावसाळ्यातच."

मी विचारलं, विड्या वळत होत्या का.

"बसल्यावत्या की सुरवातीला. पर तुमच्या त्या कामात बोटांची टोकं भाजून भाजून निबर झाल्याली. दोरा हातात हाय का सुटला, कळायचं न्हाय. सुटलेल्या विड्या माघारी यायच्या. मग नुसत्याच दारात बसायच्या, हात पदराखाली घिऊन. कुणी इचारलं तर म्हणायच्या, थंडी वाजत्या."