जिभल्याने पास केलेली पेटी

जिभल्याने आयुष्यातली पहिली बिअर प्यायली आणि पहिली मारामारी केली, ती एकाच दुपारी. मित्राने ह्याच्या ग्लासात बर्फ टाकला म्हणून. मित्राचा ओठ फाटला, ह्याचं मनगट सुजलं, पण मत पक्कं झालं ते कायमचं. बिअरमध्ये बर्फ टाकणाऱ्या माणसावर कशातच विश्वास ठेवायचा नाही.

पुढे लग्न झालं ते थेट बारमालकाच्या मुलीशी. बारमालकांना, म्हणजे पप्पांना, सख्खा मुलगाही होता. जिममध्ये जाऊन दंड फुगवलेला, पण बिअर आणि सोड्यातला फरक न कळणारा. म्हणून काउंटरवर जावई आणि गोडाऊनमध्ये पेट्या उचलायला मुलगा. मेव्हण्याने तेव्हापासून डूख धरला होता.

त्या बारचा एक कायदा होता. नवी पेटी आली की जिभल्या त्यातली एक बाटली फोडणार, ग्लासात ओतणार, वर तळहात ठेवून ग्लास गोल फिरवणार आणि मग आत नाक खुपसणार. त्याने मान डोलावल्याशिवाय पेटी फ्रीजला लागायची नाही. पप्पा म्हणायचे, "ज्याचं नाक चालेल तो काउंटरवर. मग तो जावई असो नाहीतर यम."

आणि मतं तर काय, न विचारता मिळायची.

"जर्मन बिअर म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट. चूक काढता येत नाही, प्रेमात पडता येत नाही. झेक? ती कडू आहे, पण आईच्या शिव्या कडू असतात तशी. बेल्जियमची साधू लोक बनवतात म्हणे, पण पिणारा काही साधू राहत नाही. आयरिश काळी चावून खायची. मेक्सिकनमध्ये लिंबू का खोचतात माहितीये? कारण लिंबू काढलं की मागे काही उरतच नाही! आणि अमेरिकन लाइट... ग्लास विसळलेलं पाणी आम्ही फेकून देतो, ते लोक विकतात."

लोक हसायचे. कुणी चिडायचं. चिडलेल्याला जिभल्या बाहेर नेऊन चोपायचा आणि आत येऊन तोच विषय पुढे चालू.

मग एक दिवस ट्रकवाला आला. झेक मागवली आणि त्यात बर्फ टाकला. जिभल्याने ग्लासात बोटं घालून बर्फ काढला आणि त्याच्या मांडीवर फेकला. ट्रकवाला उठला. भरलेली बाटली उचलली आणि ह्याच्या भुवईवर फोडली. जिभल्या मागच्या मागे गेला, डोकं फ्रीजच्या कडेवर आपटलं, खट्! फरशीवर फेस आणि रक्त एकत्र वाहिलं.

टाके निघाले, पण नाकाला वास यायचा थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणाले, येईल, किंवा येणारही नाही. बायकोला कळलं ते स्वयंपाकघरात. दूध करपून काळं झालं होतं आणि हा शेजारीच शिट्टी वाजवत उभा.

"अहो, तुम्हाला..."

"पप्पांना बोललीस तर बघ!" तो ओरडला आणि तिथेच खाली बसून रडला.

तेव्हापासून ग्लास आधी तिच्या नाकाखालून जायचा. पेटी खराब असली की ती कानातलं चाचपायची. तो तेवढं बघायचा आणि नाक मुरडायचा. गिऱ्हाइकांना पत्ता नाही. मेव्हण्याला मात्र संशय आला होता.

त्या दुपारी बायको पप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मेव्हण्याने हिरव्या बाटल्यांची डच पेटी काउंटरवर आदळली. कितीतरी दिवस गच्चीवर उन्हात ठेवलेली. हिरव्या काचेतून ऊन लागलं की बिअर सडक्या कोबीसारखी घाण मारते, हे जिभल्यानेच त्याला शिकवलेलं.

"घ्या दाजी, पहिला वास तुमचा."

जिभल्याने तळहात ठेवला, ग्लास फिरवला, नाक घातलं. फेस झकास होता. "पास."

कोपऱ्यात बसलेल्या एका पेंटरने त्यातला एक घोट घेतला आणि पचकन थुंकला. "ईऽऽ! जिभल्या, अरे गटार पाजतोस का?"

मेव्हणा हसत पुढे आला आणि त्याने चिमटीत जिभल्याचं नाक धरलं. "हे आता फक्त चष्मा टेकवायला, काय दाजी?"

जिभल्याच्या डोक्यात सणक गेली. रिकामी बाटली मेव्हण्याच्या कानशिलावर फुटली. मेव्हणा धडपडला, पण उठला तो जिभल्याच्या पोटात डोकं घालूनच. दोघं टेबलावर, टेबल मोडून जमिनीवर. मेव्हण्याने त्याचं तोंड फरशीवर आपटलं, पुन्हा आपटलं, एक दात निखळला. जिभल्या त्याच्या दंडाला कडकडून चावला, वर चढला आणि फुटक्या बाटलीचं तोंड त्याच्या गळ्याला लावलं.

"बोल! बोल ना आता!"

"अहो!"

दारात बायको. मागे पप्पा.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाठ फिरवून दोन ग्लास भरले, एक पेटीतला, एक फ्रीजमधला. "कुठला खराब?"

बायको लांब होती, तिलाही वास येत नव्हता. तिचा हात कानाशी जाऊन थांबला. जिभल्याने पहिला ग्लास प्यायला, दुसरा प्यायला. दोन्हींच्या कडा लाल झाल्या.

"पप्पा, दोन्हीत रक्तच लागतंय."

पप्पांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला. बायको पुढे आली. दोन्ही ग्लास हुंगले आणि त्यातला एक भावाच्या जखमेवरच ओतला. तो किंचाळला.

"हा. उन्हात ठेवलेला. आणि पप्पा, इतके महिने मीच हुंगत होते. एक तरी पेटी चुकली?"

पप्पांनी जिभल्याच्या गळ्यातला एप्रन हिसकला आणि तिच्या अंगावर फेकला.

आता जिभल्या गोडाऊनमध्ये पेट्या उचलतो, त्याच मेव्हण्याच्या जोडीला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. परवा बाहेरून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जरा बर्फ टाका ना यात."

सणसणीत आवाज आला. आधी थपडेचा, मग खुर्ची पडल्याचा.

जिभल्याने पेटी खाली ठेवली आणि दात नसलेल्या जागेतून हसला. मेव्हण्यालाही राहवलं नाही.

"दाजी," तो कानशिलावरचा व्रण चोळत म्हणाला, "ताईचा हात तुमच्यापेक्षा जड आहे."

"मला विचार," जिभल्या म्हणाला.