पाच दहाची बस

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटं. दाराची कडी काढलेली आहे, दार नुसतं लोटलं आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरून मुंगी एका कवळीची कड कानशीने घासते आहे. कवळी एका निवृत्त पोस्टमास्तरांची. त्यांना डाव्या बाजूला टोचतं, आणि नऊच्या आत ती दवाखान्यात पोचायला हवी. दोनदा कानस, एकदा बोट फिरवून बघणं, मग फुंकर. पलीकडे कॉम्प्युटर सुरू होतो आहे. तो म्हातारा झाला आहे. जागा व्हायला एक मिनिट दहा सेकंद घेतो.

कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या आहेत. डावीकडच्या खुर्चीसमोर टेबलाच्या कडेला ट्रकचं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग आवळून बसवलं आहे. ते मुंगीचं नाही, तिच्या धाकट्या भावाचं आहे. खुर्चीही त्याच्यासाठीच मांडलेली. तो अजून आलेला नाही. आजचा बारावा दिवस.

मुंगी हे घरचं नाव. आईने सांगितलेलं सामान ती एकेक करून आणायची, सगळ्यांत शेवटी पोचायची, पण एकही वस्तू विसरायची नाही, म्हणून पडलेलं. लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणतात. ती छप्पन्न वर्षांची आहे, एकटी राहते, आणि एकतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये काम करते. शहरातले निदान तीन हजार लोक तिने केलेल्या दातांनी जेवतात असा तिचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक चेहरे तिने पाहिलेले नाहीत, फक्त जबड्यांचे ठसे.

धाकटा एकोणीस वर्षं ट्रक चालवत होता. मग त्याच्या उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेली, तपासणीत ते कळलं आणि लायसन्स रद्द झालं. मालकाने त्याला गोदामाच्या फाटकावर बसवलं. आलेल्या गाडीचा नंबर लिहायचा, आडवा दांडा वर करायचा, गाडी आत गेली की खाली. दोन गाड्यांच्या मधे कधी कधी अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासात हातात फोन असायचा आणि फोनमध्ये राजकारण.

तो कोणत्या बाजूचा आणि मुंगी कोणत्या बाजूची, हे इथे सांगण्याचं कारण नाही. बाजू उलट्या असत्या तरी झालं ते असंच झालं असतं.

मुंगीचाही राजकारणावर राग होताच, पण तिच्या रागाला अर्ज लिहायची सवय होती. तिच्या गल्लीतला रस्ता वर्षात तीनदा खणला, त्यांपैकी दोनदा एकाच पाइपासाठी. कोपऱ्यावरचा सरकारी दवाखाना बंद झाला तेव्हा दोन्ही पक्षांनी निषेधाचे फलक लावले, एकाच खांबावर, एकावर एक. मुंगी अर्ज करायची, पोच घ्यायची, पोच फाइलला लावायची. फाइल जाड होत गेली. रस्ता होता तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी मतमोजणीच्या दिवशी ती धाकट्याकडे जेवायला गेली होती. टीव्हीवर दोन्ही उमेदवार आळीपाळीने हसत होते. मुंगी सहज म्हणाली, "या दोघांचे पुढचे दात मीच केलेत. रंगाचा नंबरसुद्धा एकच आहे."

भावजय हसली. धाकट्याने हातातला घास खाली ठेवला.

"म्हणजे दोघं सारखेच, असं म्हणायचंय तुला?"

"मी दातांचं बोलले."

"तुझ्यासारखे कुंपणावर बसणारेच नडतात. सगळ्यांची नावं लिहून ठेवलीत, कळलं ना?"

"कुणी लिहिलीत? तू? तुला गाड्यांचे नंबर लिहायला बसवलंय, धाकट्या."

वाक्य संपायच्या आतच तिला कळलं की हे बोलायला नको होतं. तो ताटावरून उठला. त्यानंतर तो तिच्या घराची पायरी चढला नाही, त्याने स्वतः फोन केला नाही आणि तिचा घेतला नाही.

पाच-सहा महिन्यांनी भावजयीनेच वाट काढली. ट्रकचा एक गेम आहे. जगभरातली माणसं आपापल्या घरात बसून एकाच रस्त्यावर गाड्या हाकतात. इथून माल उचलायचा, तिथे पोचवायचा. पडदा एवढासा, धाकट्याच्या उरलेल्या नजरेत मावणारा. त्याला त्याचा नाद लागला होता. भावजयीने मुंगीलाही त्यात यायला लावलं आणि दोघांना एकच अट घातली: "गाड्या चालवा, तोंडं चालवू नका."

मुंगीपुढे अडचण वेगळीच होती. तिचा कॉम्प्युटर म्हणजे धाकट्याने टाकून दिलेला. त्यावरची मूळ सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीने एक दिवस कळवलं होतं, की हे मशीन आता पुढच्या आवृत्तीच्या लायकीचं नाही. तेव्हा लॅबचा स्कॅनर दुरुस्त करायला येणाऱ्या इंजिनिअरने तिला त्यावर लिनक्स घालून दिलं. लिनक्स कुणा एकाच्या मालकीचं नाही. हजारो लोकांनी मिळून लिहिलेलं, आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं असं. मुंगीला हा उघडेपणा मनापासून पटला. "कपाट माझं आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे मला नाही जमत," ती सांगायची. पण गेम बनवलेला होता त्या दुसऱ्या सिस्टिमसाठी. लिनक्सवर तो चालवायचा तर मधे दुभाष्यासारखं काम करणारा एक प्रोग्रॅम बसवावा लागतो, आणि दुभाष्या कुठे अडखळतो ते शोधत बसावं लागतं. मुंगीला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी तिने लिनक्सवाल्यांच्या सार्वजनिक यादीत नोंद केली: "गेम चालतो. पाऊस सुरू झाल्यावर आरसा काळा पडतो. उपाय खाली दिला आहे."

त्यानंतर दीड वर्ष, रोज पावणेसहा ते पावणेसात, बहीणभाऊ एकामागे एक गाड्या चालवत राहिले. बोलणं टाइप करून, तेही मोजकं.

"मुंगे, हल. मागे रांग लागलीये."

"साठची पाटी आहे."

"इथे पोलीस नाहीत गं."

"पाटी आहे."

तो आधी पोचायचा आणि गोदामापाशी दिवे लुकलुकत ठेवून थांबायचा. निघताना दोनदा हॉर्न वाजवायचा. त्याचा अर्थ, उद्या. राजकारणाचा शब्द दोघांनीही काढला नाही. लॅबमधला प्लॅस्टर कालवणारा माणूस चेष्टा करायचा, "ताई, या वयात ट्रक?" मुंगी म्हणायची, "अरे, मी कुणाला मागे टाकत नाही, तेव्हा चालतंय."

यंदा गेमच्या कंपनीने जाहीर केलं, की खोटे किलोमीटर दाखवणाऱ्यांना पकडायला प्रत्येक मशीनमध्ये एक पहारेकरी प्रोग्रॅम बसेल, अगदी मुळापर्यंत. लिनक्सवर तो बसत नाही, म्हणून एक तारखेपासून लिनक्सवाले बाहेर. कारण असं दिलं होतं, की ही मंडळी पळवाटा काढतात.

मुंगीच्या मशीनमध्ये दुसरी सिस्टिम घालायला जागा होती. लायकीचं नाही म्हटलेल्या मशीनवरही ती कशी घालतात, हे तिला माहीत होतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तिने ते केलं नाही. तिने आणखी काही लिनक्सवाल्यांबरोबर कंपनीला पत्र लिहायला घेतलं. चौदा ओळींचं पत्र, विशेषण एकही नाही. आम्ही इतके जण, आमची मशीन्स अशी, पहारेकऱ्याची हलकी आवृत्ती लिनक्सवर अमुक रीतीने चालू शकते. नववी ओळ मुंगीने स्वतः लिहिली: ही परवानगी मिळाली तर तिचा वापर आम्ही कुणावरचीही बंदी चुकवण्यासाठी करणार नाही. खाली तीनशे बारा सह्या.

धाकट्याला तिने हे टाइप करून सांगितलं तेव्हा त्याने मधल्या घाटात गाडी बाजूला घेतली.

"अर्ज? अर्जाने तुझा रस्ता झाला का?"

"हे वेगळं आहे."

"दणका द्यावा लागतो मुंगे. त्याशिवाय कुणी ऐकत नाही."

"तू कुठे काही लिहू नकोस. ऐकतोयस ना? धाकट्या?"

"बरं बाई."

त्याने लिहिलं. फाटकावर बसून एका दुपारीत एक्केचाळीस वेळा, कंपनीच्या चर्चेच्या पानावर. गद्दार, विकले गेलेले, कुणाचं खाता, सगळं आलं. दोन वर्षं तो ज्या गटांमध्ये लिहीत होता तिथे अशा वाक्यांना टाळ्या आणि फुलं मिळायची. तिथे कुणी ती वाक्यं खरी धरत नसे. तक्रारींना उत्तरं देणाऱ्या मुलीचं पूर्ण नाव त्याने शोधून काढलं, तिच्या ऑफिसच्या इमारतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, पत्ता आहे आमच्याकडे. संध्याकाळपर्यंत त्याचं खातं कायमचं बंद झालं. पहारेकरी त्याच्या मशीनमध्ये आधीच बसलेला होता. त्याने मशीनच ओळखून ठेवलं. नव्या नावाने यायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी पत्राचं उत्तर आलं. कंपनीने लिनक्सवाल्यांना परवानगी दिली होती.

धाकट्याचा दोन वर्षांत पहिल्यांदा फोनवर मेसेज आला. "दुसऱ्यांदा लायसन्स गेलं." बस, एवढाच. मुंगीने लगेच फोन लावला. तो वाजून वाजून थांबला.

तिने त्याच्या वतीने कंपनीला अर्ज केला, नेहमीसारखा, कलमं घालून. चाळीस मिनिटांत नकार आला. सोबत पुरावा म्हणून त्याची तीन वाक्यं जोडली होती. दुसरं वाक्य होतं: तुमच्यासारख्यांची नावं लिहून ठेवलीत. ते तिला पाठ होतं. फक्त या वेळी ते तिला उद्देशून नव्हतं, तिची बाजू घेऊन लिहिलेलं होतं.

त्याच आठवड्यात भावजय लॅबमध्ये आली. हातात पिशवी, पिशवीत स्टिअरिंग.

"घरात ठेवलं तर हे फोडतील एखाद दिवशी. तुमच्याकडे असू दे."

"जेवतो का नीट?"

"जेवतात. बोलत नाहीत. पावणेसहाला उठून बसतात, काळ्या पडद्याकडे बघत." तिने आवाज खाली घेतला. "ताई, ते तुमचं लिनक्स ह्यांच्या मशीनवर घाला ना. मग पहारेकऱ्याला मशीन ओळखू येत नाही म्हणतात. खरं आहे का?"

"बहुतेक खरं आहे."

"मग?"

मुंगीच्या हातात मेणाचा ठसा होता. तो तिने आधी नीट जागेवर ठेवला. "नाही घालता येणार. तसं करणार नाही असं मी लिहून दिलंय. माझ्यामागे तीनशे अकरा जण आहेत."

"भाऊ मोठा की ती ओळ मोठी?"

मुंगीने टेबलावर सांडलेलं मेण खरवडायला घेतलं.

"एवढंच होतं तर आधीच ती दुसरी सिस्टिम घालून घ्यायची होती तुम्ही. ह्यांना लिहायची वेळच आली नसती."

"हो," मुंगी म्हणाली. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, माझ्याकडे ये. माझ्या गाडीवर बस. मी शेजारी असले तर घरातल्या माणसाने चालवायला हरकत नाही. तसं कलम आहे, मी दोनदा वाचलंय."

"ते तुमच्या दारात येतील? तुम्हाला वाटतं?"

"पहिली बस पाच दहाला सुटते तुमच्या स्टॉपवरून. पाच चौतीसला इथे कोपऱ्यावर. त्याची पाळी आठची, आरामात पोचेल परत. सांग त्याला. आणि हेही सांग, नंबरांचं ते बोलायला नको होतं मी."

"सांगते," भावजय म्हणाली. जाताना तिने पिशवीची घडी करून नेली.

स्टिअरिंग लिनक्सवर चालवायला मुंगीला तीन सकाळी लागल्या. पहिल्या दिवशी डावीकडे वळवलं की गाडी उजवीकडे जायची. मग पेडल जुळले. हॉर्नचं बटण मात्र हट्टाला पेटलं होतं. ते तिसऱ्या दिवशी सुटलं. तिने यादीत नोंद केली: "स्टिअरिंग चालतं. पेडल चालतात. हॉर्न चालतो." धाकट्याची नजर उजवीकडून गेलेली आहे, म्हणून पडदा तिने त्याच्या खुर्चीसमोर, आणि तिथूनही थोडा डावीकडे सरकवला. आता तिला स्वतःला मान वाकडी करून बघावं लागतं.

पाच चौतीस. कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज येतो, दार उघडतं, मिटतं. मुंगी कानस थांबवते. पावलं येतात, ती जिन्यापाशी वळत नाहीत, पुढे जातात. समोरच्या इमारतीतली नर्स, रात्रपाळी करून आलेली. तिच्या चपलेची पट्टी सैल आहे, ती चालताना वाजते. बारा दिवसांत हे मुंगीला कळलं आहे.

ती कवळी धुते, ओल्या कापडात गुंडाळते, डबीत ठेवते, डबीवर पोस्टमास्तरांचा नंबर लिहिते. पावणेसहाला ती उजवीकडच्या खुर्चीत बसते आणि कीबोर्डवरून गाडी बाहेर काढते. माल आज लाकडाचा आहे. साठची पाटी येते, ती साठवर येते. मागून कुणीतरी परका वैतागून हॉर्न वाजवतो आणि पुढे निघून जातो. पावणेसातला माल गोदामात उतरतो. मुंगी कॉम्प्युटर बंद करते, डावीकडची खुर्ची टेबलाखाली सरकवत नाही, आणि लॅबच्या तयारीला लागते.

उद्या बुधवार. पहिली बस पाच दहाला सुटते आणि पाच चौतीसला कोपऱ्यावर येते.